अकरा मिनिटांत वेबसाइट, पण स्विमिंग पूल कुठून आला?

तुमच्या गल्लीतल्या मेसची वेबसाइट बनवायला आता किती वेळ लागतो? मी मोजला. अकरा मिनिटं!

खापरखेड्यात वीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं भोजनालय आहे. खाली जेवण, वर मुक्कामाला चार खोल्या. मालक ओळखीचे, आपण त्यांना काका म्हणू. मी एका एआय एजंटला भोजनालयाचं आणि गावाचं नाव दिलं, ‘छान वेबसाइट बनव’ म्हटलं आणि चहा प्यायला बसले. चहा संपला तेव्हा पान तयार होतं. काय देखणं! ‘निसर्गाच्या कुशीत निवांत मुक्काम’, रूफटॉप डायनिंग, स्विमिंग पूल आणि शेवटी तीन खूश पाहुण्यांचे अभिप्राय, नावांसकट.

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, ‘‘बेटा, आपल्या टाकीले झाकण नाही, अन् हा पूल कुठून आणला?’’

आता हे एजंट प्रकरण नेमकं काय ते बघू. चॅटबॉटला विचारलं की तो उत्तर देतो. एजंट काम करून मोकळा होतो. तो स्वतः टप्पे ठरवतो, कोड लिहितो, चालवून बघतो, चूक दिसली तर दुरुस्त करतो आणि सांगितलं तर पान इंटरनेटवर चढवतोसुद्धा. आपण फक्त साध्या भाषेत सांगत जायचं. या पद्धतीला आंद्रेई कार्पाथी या संशोधकाने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ असं नाव दिलं आणि ते जगभर रुळलं.

गंमत अशी की, जी माहिती आपण देत नाही ती एजंट अंदाजाने भरतो. ‘हॉटेल’ म्हटलं की त्याला रिसॉर्ट आठवतात. खापरखेड्यात कोण मुक्कामाला येतं हे त्याला कोण सांगणार? इथलं वीज केंद्र 1,340 मेगावॉटचं, 210 चे चार संच आणि 500 चा एक. आजूबाजूला कोळसा खाणी. एखाद्या संचाचं ओव्हरहॉलिंग निघालं की बाहेरगावचे फिटर, वेल्डर, इंजिनीअर येऊन राहतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. महिन्याची मेस केवढ्याला? नाइट शिफ्टला डबा मिळेल का? बिल पक्कं मिळेल का? वाकीला ताजुद्दीनबाबांच्या दर्शनाला किंवा नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला निघालेलं कुटुंब वेगळंच विचारतं. जेवण शाकाहारी आहे का, गाडी लावायला जागा आहे का? ‘निवांत मुक्काम’ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

खोटी माहिती महागातही पडते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या ‘स्टेफनिनाज’ या पिझ्झा हॉटेलला ग्राहकांना हात जोडून सांगावं लागलं की, आमच्या ऑफर गूगलच्या एआयला विचारू नका. एआयने कधी नसलेल्या ऑफर सांगितल्या होत्या आणि लोक त्या मागत काउंटरवर भांडत होते. त्याआधी फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने ‘एअर कॅनडा’ला प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं होतं कंपनीच्या चॅटबॉटने. ‘चॅटबॉटची जबाबदारी आमची नाही’ हा बचाव टिकला नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई करतो. म्हणजे पूल एजंटने काढला तरी ग्राहक जाब विचारणार काकांनाच.

त्यामुळे तुम्ही असं काम घेणार असाल, तर लॅपटॉप उघडण्याआधी एक दुपार हॉटेलात बसा. फोनवर लोक काय विचारतात ते कान देऊन ऐका आणि वहीत लिहा. खोल्यांचे, ताटाचे फोटो स्वतः काढा. मग एजंटला स्पष्ट सांगा, ‘मी दिलंय तेवढंच लिही, नसेल तिथे जागा रिकामी सोड.’ अभिप्राय तर बनवून घ्यायचेच नाहीत.

बुकिंगचा फॉर्म स्वतः भरून बघा. माझ्या पहिल्या पानावर बटण दाबलं की ‘धन्यवाद, आम्ही संपर्क करू’ असं झळकायचं, पण निरोप कुठेच पोहोचत नव्हता! वीस कामगारांची मेस ठरवायला कुणी तिथे लिहिलं असतं, तर काकांचा महिन्याभराचा धंदा गेला असता आणि त्यांना पत्ताही लागला नसता. शेवटी मी फॉर्म काढून साधं फोनचं बटण ठेवलं.

आणखी दोन गोष्टी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मालकाच्या नावाने आणि त्यांच्याच ई-मेलवर घ्या. उद्या तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात तर त्यांचं अडायला नको. 2014 पासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो. दुसरं, लॉजचं रजिस्टर आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो एजंटला चुकूनही देऊ नका. ती माहिती आपली नाही.

आणि हो, या कामाचे पैसे मागायला लाजू नका. कोड एजंटने लिहिला असेल, पण ताटाचा दर, शिफ्टच्या वेळा आणि रस्त्याची खूण तुम्ही आणलीत. दर बदलला की पान बदलायचं कामही तुमचंच, त्याचे वेगळे पैसे आधीच ठरवा.

काकांचं पान आता एकाच स्क्रीनवर मावतं. ताट, दर, डब्याची वेळ, चार खोल्यांचे खरे फोटो, नकाशा, फोन आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. काकांनी सगळं दोनदा वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. ‘‘रविवारी संध्याकाळी बंद, हे मोठ्या अक्षरात टाक. लोक सावनेरहून येतात अन् उपाशी परत जातात.’’

हे वाक्य अकरा मिनिटांत सुचलं नसतं, एजंटला ना मला.