रात्रीची संगणकीय कामे : एक खुलासा

संगणकासाठी देणगी देणारे हितचिंतक आम्हांस अनेकदा विचारतात की, यंत्र एकदा घेतल्यावर त्यावर पुन्हा वेळ आणि खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. यंत्र एकदाच येते. त्यावरील सॉफ्टवेअर मात्र वारंवार दुरुस्त करावे लागते. ही दुरुस्ती लांबली की काय होते, हे १२ मे २०१७ रोजी इंग्लंडमध्ये दिसले. 'वॉनाक्राय' नावाच्या घातक सॉफ्टवेअरमुळे तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० संस्थांचे काम विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ती असंख्य यंत्रांवर बसविलीच गेली नव्हती.

नोंदणी, औषधभांडार, प्रयोगशाळा येथील प्रत्येक यंत्र थांबवून, समोर बसून दर प्रश्नाला 'हो' म्हणत राहायचे, तर खिडकीपुढे रुग्णांचे नातेवाईक ताटकळतात. म्हणून हे काम रात्री, माणसाच्या उपस्थितीविना करणे इष्ट ठरते. त्यासाठी माऊसने टिचक्या न मारता आज्ञा लिहून देण्याची पद्धत, म्हणजे कमांड लाइन, उपयोगी पडते. एकदा लिहिलेली आज्ञा ठरल्या वेळी कितीही यंत्रांवर तशीच चालविता येते. बँकेस दिलेल्या स्थायी सूचनेसारखाच हा प्रकार आहे.

डेबियन अथवा उबुंटू या लिनक्स प्रणालींत 'ॲप्ट-गेट' ही आज्ञा सॉफ्टवेअरचे संच आणून बसविते. तिला 'वाय' हे अक्षर जोडले की 'पुढे जाऊ का?' या प्रश्नास होकार गृहीत धरला जातो. एवढ्याने भागेल असे पुष्कळांस वाटते. तसे होत नाही. काही संच स्वतःचे प्रश्न विचारतात : प्रमाणवेळ कोणती, ई-मेलची सेवा कशी चालवायची. उत्तर द्यायला कोणी नसेल तर काम तेथेच अडते आणि सकाळी यंत्र अर्धवट अवस्थेत हाती येते. म्हणून 'डेबकॉन्फ' या व्यवस्थेत उत्तरे आगाऊ भरून ठेवतात.

सर्वांत नाजूक प्रश्न वेगळाच आहे. आपण बदललेली मांडणीची फाइल ठेवायची, की नव्या संचासोबत आलेली घ्यायची? नवी घेतली तर आपण केलेली जुळणी अमलात राहत नाही. आमच्या मते जुनी ठेवावी आणि फरक सकाळी माणसाने पाहावा. सरसकट होकार म्हणजे कोऱ्या धनादेशावरील सही होय.

आज्ञा संपताना एक आकडा परत देते; शून्य आला तर काम निर्विघ्न पार पडले. ताळेबंदात फरक शून्य निघाल्यावरचे समाधान हिशेबनिसांना ठाऊक आहेच. अन्य आकडा आल्यास नोंदवही उघडून कारण शोधावे लागते.

आपोआप चालणाऱ्या कामात चूकही आपोआप पसरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. त्यांत रुग्णालयांचीही होती, आणि पुष्कळ यंत्रे समोर जाऊन एकेक करून सुरू करावी लागली. यास्तव आम्ही प्रथम हिशेब विभागातील यंत्रांवर बदल करतो आणि काही दिवस काम पाहूनच पुढे जातो. हिशेब विभागच का? तेथे अडले तर आमचे अडते, रुग्णाचे नव्हे.

क्ष-किरण यंत्रास आणि अतिदक्षता विभागातील उपकरणांस जोडलेले संगणक या रात्रीच्या कामातून वगळले आहेत. उत्पादकाच्या संमतीखेरीज त्यांवर काहीही बसविले जात नाही. ते काम तंत्रज्ञाच्या समक्षच होते. नोंदणीची यंत्रे बंद असताना येणाऱ्या रुग्णांची नोंद हस्तलिखित पावतीवर केली जाते. संगणकीय पावती मिळेपर्यंत नातेवाइकांनी ती कृपया जपून ठेवावी.