कॅरेट इथले, नफा बेटावर

वारूळवाडी गावाला लागूनच नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. तिथे कॅरेटचा भाव चारचौघांसमोर ठरतो. समजा, एखाद्या निर्यातदाराने 600 रुपयांचे कॅरेट दूरच्या बेटावरच्या आपल्याच कंपनीला 200 रुपयांना विकल्याचे दाखवले आणि त्या कंपनीने ते पुढे 600 ला विकले. टोमॅटो बेटावर उतरतही नाहीत. 400 रुपयांचा नफा मात्र तिथे उतरतो. तिथे कर नाममात्र, आणि कंपनीचा खरा मालक कोण, हे कागदावर दिसत नाही.

झांबियात असेच काहीसे तांब्याच्या बाबतीत घडले. मोपानी खाण कंपनीने आपल्याच मालक समूहाला, ग्लेनकोरला, तांबे बाजारभावापेक्षा स्वस्तात विकले, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या त्याच वर्षीच्या अंदाजानुसार आफ्रिकेतून दरवर्षी सुमारे 88.6 अब्ज डॉलर अशा नाना वाटांनी बाहेर जातात. हा पैसा दवाखान्यांचा आणि शाळांचा आहे, म्हणून मला तो आकडा नुसता हिशेब वाटत नाही.

मॉरिशसही आफ्रिकेतलेच. ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही आहेत. त्याच बेटाशी भारताने 1982 मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार केला. त्यामुळे मॉरिशसच्या कंपनीने भारतीय शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर भारत कर घेऊ शकत नव्हता, मॉरिशस घेत नव्हते. 2016 मध्ये करार बदलला. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारताच्या करकक्षेत आला.