शिवरात्रीचे तूप

उचगावला आमच्या घरी लोणी कढवायचे काम आज्जीचे. एका महाशिवरात्रीला काकांनी तिच्या नकळत तुपात भांगेचा पाला परतला. आज्जांनी चमचाभर चाटले. अर्धा तास काहीच होईना, म्हणून आणखी दोन चमचे! दोन तासांनी ते घामाघूम, भिंत धरून बसलेले. रात्रभर आम्ही उशाशी. भांगेचा अंमल तुपात उतरतो आणि पोटातून सावकाश चढतो, हे कुणाला ठाऊक? आयुर्वेदाच्या जातिफलादी चूर्णातही भांग असते, पण शुद्ध करून, मोजून. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नुसता पाला गांजात धरलेला नाही. फुलोऱ्याचा शेंडा आला की गुन्हा, शिवाय राज्याचे अबकारी नियम निराळेच. काकांच्या पुडीत काय होते, देव जाणे. सकाळी आज्जीने ती बरणी उकिरड्यात पुरली आणि पातेले तीनदा राखेने घासले.