क्रीडांगणाची मर्यादा

दिवस कलला, की गावोगावच्या व्यायामशाळांत आणि मैदानांवर मुलांची वर्दळ सुरू होते. कोणी लंगोट कसून आखाड्याच्या मातीत उतरतो, कोणी मल्लखांबावर उडी घेतो, तर कोणी खो-खोच्या चौकोनात आपली जागा धरून बसतो. महाराष्ट्रात व्यायामसंस्थांची परंपरा जुनी आहे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांत मुलांचे शरीर बळकट होते, त्यांना सवंगडी मिळतात आणि हार पचविण्याची सवय लागते. परंतु जेथे मुले विश्वासाने येतात, तेथे त्या विश्वासाचे रक्षण करणे हे मोठ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.

खेळांचे पुष्कळसे नियम बळाला मर्यादा घालण्यासाठीच केलेले असतात. कुस्तीत सारख्या वजनाच्या मल्लांची जोड लावतात. कबड्डीत एकटा गडी दम घेऊन सात जणांच्या अंगणात शिरतो. सातही जण मिळून त्याला धरू शकतात. मात्र त्याचे केस किंवा कपडे ओढून त्याला अडविता येत नाही, आणि त्याचे तोंड दाबून त्याचा दम तोडता येत नाही. सात जण एकापेक्षा बलवान आहेत. पण म्हणून त्यांना वाटेल ते करण्याची मोकळीक नाही.

क्रीडामंडळाच्या कारभारातही बळाची अशीच विषमता असते. मार्गदर्शक वयाने मोठा, अनुभवी आणि मुलांच्या आदरास पात्र असतो. संघात कोणाला घ्यावयाचे, हेही बहुधा तोच ठरवितो. त्यामुळे त्याचा शब्द मोडण्यास मुले कचरतात. चांगला मार्गदर्शक या आदराचा उपयोग मुलांना घडविण्यासाठी करतो. परंतु वाईट मनुष्य त्याचाच गैरफायदा घेऊ शकतो. म्हणून संस्थेलाही लेखी नियम असावे लागतात, आणि ते लहानथोर सर्वांना सारखेच लागू असावे लागतात.

यांपैकी काही नियम शरीराच्या काळजीचे आहेत. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा नाजूक भाग असतो. त्यावर एकच ताण पुनःपुन्हा पडला, तर त्यास इजा होते. म्हणून दुखणे लपवून खेळणे हे शौर्य नव्हे. डोक्याला जोराचा मार बसून चक्कर आली किंवा मळमळू लागले, तर त्या दिवशी खेळ तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. उन्हात सराव करणाऱ्या मुलाला पाणी पिऊ न देणे, किंवा खालच्या वजनगटात बसावे म्हणून मल्लाला उपाशी ठेवणे, याला शिस्त म्हणता येत नाही. मारणे आणि चारचौघांत अपमान करणे हीदेखील शिस्त नव्हे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी घातली आहे. जे शाळेत अयोग्य, ते मैदानावर योग्य कसे ठरेल?

दुसरे काही नियम वागणुकीचे आहेत. मार्गदर्शकाने एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवू नये; सराव इतरांना दिसेल अशा जागी व्हावा. परगावच्या सामन्यांना जाताना एकाहून अधिक जबाबदार वडीलधारी माणसे बरोबर असावीत, आणि मुलांची निजण्याची सोय मोठ्यांपासून वेगळी असावी. कपडे बदलण्याच्या जागी कोणी कोणाचे छायाचित्र घेऊ नये. भ्रमणध्वनीवरून निरोप द्यावयाचा, तर तो पालकांनाही कळावा. डाव शिकविताना हात धरावा लागतो, कंबरेला आधार द्यावा लागतो, ही गोष्ट खरी. परंतु तो स्पर्श शिकविण्यापुरताच असावा. जो स्पर्श मुलाला नकोसा वाटतो, किंवा ज्याविषयी ‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावले जाते, तेथे मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

असे नियम नसले, किंवा ते पाळले गेले नाहीत, तर काय घडते, हे अमेरिकेत दिसून आले. तेथील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाच्या एका डॉक्टरने उपचाराच्या निमित्ताने अनेक वर्षे मुलींवर अत्याचार केले. काही मुलींनी मोठ्यांना ते सांगितलेही होते. पण डॉक्टर नामांकित असल्यामुळे त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला गेला नाही. अखेर जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया न्यायालयापुढे बोलल्या, आणि त्याला दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. पहिल्याच मुलीचे म्हणणे कोणी नीट ऐकून घेतले असते, तर कितीतरी मुली वाचल्या असत्या.

भारतात मुलांच्या रक्षणासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास व मुलीस लैंगिक अत्याचारापासून तो संरक्षण देतो. असा गुन्हा ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, आणि मुलाचे नाव वृत्तपत्रांत छापता येत नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. आई, वडील, आजी, शिक्षक यांपैकी ज्याच्यावर विश्वास असेल, त्याला मुलाने सांगावे. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे. अशा प्रसंगी दोष अत्याचार करणाऱ्याचा असतो. मुलाचा कधीही नसतो.

मर्यादा मुलांनीही पाळावयाची असते. नवख्या खेळाडूला चिडविणे, त्याच्या रंगावरून, जातीवरून किंवा अंगकाठीवरून नावे ठेवणे, झेल सुटला म्हणून त्याला वाळीत टाकणे, ही वागणूक खेळाडूला शोभत नाही. सोबत्याचा छळ होत असलेला पाहून गप्प राहणारा त्या छळाला एक प्रकारे हातभारच लावतो. ‘सांगितले तर संघाची बदनामी होईल’ अशी भीती पुष्कळांना वाटते. परंतु संघाची बदनामी दुष्कृत्याने होते; ते उघड करण्याने होत नाही.

गुरूचा आदर करावा. पण आदर म्हणजे मौन नव्हे. कबड्डीत तोंड दाबून दम तोडणे हा जसा नियमभंग, तसाच मुलाचे तोंड बंद ठेवणे हा क्रीडाधर्माचा भंग होय. ज्या मैदानावर लहानात लहान मुलाला निर्भयपणे बोलता येते, त्या मैदानावरच खरे खेळाडू घडतात.