दीडशेच्या आत

गुजरातेत कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या एक घनमीटर हवेत 150 मिलिग्रॅमपर्यंत धूलिकण चालायचे, त्यापुढे नाही. दरवर्षी खासगी ऑडिटर येऊन मोजायचे. त्यांचे अहवाल एकत्र मांडले तर काय दिसावं? आकड्यांची ही गर्दी, आणि सगळी दीडशेच्या जराशी अलीकडे! मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त 7 टक्के. धुराला इतकी शिस्त कुणी लावली?

एस्थर डफ्लो (पुढे 2019 साली नोबेल मिळालेल्या), मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्र मोजणी करवली. मर्यादेबाहेर निघाले 59 टक्के!

ऑडिटर निवडायचा कारखान्यानं, फी द्यायचीही कारखान्यानंच. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. बरं, फी तरी किती? खऱ्या मोजमापाचा खर्चही त्यातून निघू नये, इतकी.

2009 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साथीनं अहमदाबाद आणि सुरत भागातल्या 473 कारखान्यांवर एक प्रयोग सुरू झाला. सुमारे निम्म्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमून दिला. फी ठरलेली, तीही सामायिक निधीतून. काही धुराडी दुसऱ्याच पथकानं जाऊन पुन्हा मोजायची. दुसऱ्या वर्षी तर आकडा जितका खरा, तितके पैसे जास्त.

आता गंमत बघा. काही ऑडिटर दोन्हीकडे काम करत होते. नेमून दिलेल्या कारखान्यात ते खरं लिहीत. आणि जिथं मालकानं बोलावलं, तिथं त्याच वर्षी, त्याच माणसांचा आकडा पुन्हा दीडशेच्या आत! प्रामाणिकपणा माणसाच्या अंगी असतो, असं आपण समजतो ना?

नेमून दिलेल्या कारखान्यांत ‘मर्यादेच्या आत’ म्हणणारे खोटे अहवाल 80 टक्क्यांनी घटले. पण मला त्याहून नवल वाटतं ते पुढचं: प्रत्यक्ष प्रदूषणही कमी झालं. नवा कायदा नाही, वाढीव दंड नाही. आपला आकडा खरा जाणार एवढं कळताच कारखाने सावरले, आणि सर्वांत जास्त सावरले ते सर्वांत घाण करणारे.

2015 मध्ये गुजरातनं ऑडिटर असेच नेमून देण्याचा नियम केला. 2019 मध्ये सुरतेत त्यापुढची पायरी आली: धूलिकण सोडण्याच्या परवान्यांचा चक्क बाजार. तिथं धुराड्यावरच यंत्र बसवलेलं असतं, आणि त्याचे आकडे थेट मंडळाकडे जातात.