दोन शहरांच्या ओढीतलं बदनापूर

माझं बदनापुरात छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सप्त्याची पत्रकं, क्लासच्या जाहिराती, मंडळांचे बॅनर अशी सगळी कामं येतात. जालना इथून वीसेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर त्याच्या दुप्पट. या दोन शहरांपैकी कोणतं आमच्या माणसांना जास्त ओढतं, ते प्रूफ तपासताना कळत जातं.

एक पत्रिकाच बघा. सर्वांत वर ‘श्री राजुरेश्वर प्रसन्न’, त्याखाली सोमठाण्याची रेणुकामाता. राजूर आणि सोमठाणा दोन्ही जालना जिल्ह्यातली. पण विवाहस्थळ छापलेलं असतं संभाजीनगरच्या बीड बायपासवरचं लॉन. बस्ता जालन्याचा, फोटोग्राफर संभाजीनगरचा. वडील सांगतात, “भाऊ, देवाचं नाव ठळक घ्या.” मुलगा मोबाइल पुढं करतो, “काका, तिकडच्यासारखं डिझाइन पाहिजे.” देव, व्यापार आणि नाती जालन्याकडं, शिक्षण, नाटक आणि हौस संभाजीनगरकडं. माझ्या मते वाटणी साधारण अशी आहे.

ही वाटणी आजची नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याआधी जालना शहरच औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होतं. नव्या जिल्ह्यामुळं कलेक्टर कचेरी जालन्याला आली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादेत सुरू झालं. विद्यापीठ तर तिथं १९५८ पासूनच होतं. त्यामुळं आमचा सातबारा जालना जिल्ह्याचा, मुलांची पदवी मात्र संभाजीनगरच्या विद्यापीठाची.

विद्यापीठाचा पगडा डिग्रीपुरता राहत नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय, मराठवाडा साहित्य परिषद, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, अनंत भालेरावांचं ‘मराठवाडा’ दैनिक यांनी इथल्या कित्येक पिढ्यांना काय वाचायचं, काय बोलायचं हे शिकवलं. १९८२ मध्ये ‘लोकमत’ची आवृत्ती तिथून निघू लागली. जालन्याची बातमीसुद्धा आम्ही संभाजीनगरात निघणाऱ्या आवृत्तीत वाचतो. ज्या शहरात पेपर निघतो, त्याच्या चालीरीती गावोगाव पोचतात. हे मी माझ्या धंद्यामुळं नीट ओळखतो.

म्हणून जालना मागं पडलं असं कोणी समजू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालन्याचं नाव बियाण्याच्या पिशवीवरून देशभर गेलं. स्टीलचे कारखाने, मोसंबीचा बाजार, अलीकडं रेशीम कोषांची खरेदी, यामुळं शेतकऱ्याची पावलं तिकडंच वळतात. धुलिवंदनाला निघणारी जालन्याची हत्ती रिसाला मिरवणूक शंभर वर्षांहून जुनी. अंगारकीला राजूरच्या वाटेवर रात्रभर माणसं चालतात. ही गर्दी जमवायला कुठल्याही जाहिरातीची गरज पडत नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र जालन्यात सुरू झालं, २०२३ मध्ये शहराची महापालिका झाली. जालना आता संभाजीनगरच्या सावलीतून बाहेर येऊ पाहतंय.

आमची माणसं तर नकाशाची रेघ केव्हाच ओलांडून गेली आहेत. एकनाथांचं पैठण संभाजीनगर जिल्ह्यात, पण लोकसभेचं मतदान जालना मतदारसंघात. समर्थांचं जन्मगाव जांब जालना जिल्ह्यात. सप्त्याच्या पत्रकात कीर्तनकारांची नावं लावताना कोण कुठल्या जिल्ह्याचं हे कोणी विचारत नाही.

मला दुःख एकाच गोष्टीचं आहे. दोन्ही शहरं आम्हाला प्रेक्षक आणि गिऱ्हाईक म्हणून बोलावतात, रंगमंचावर मात्र क्वचितच. आमच्या तालुक्यातली मुलं गणपतीत उत्तम नाटुकली करतात. पुढं शिकायचं तर चाळीस किलोमीटर जावं लागतं. मुलांना घरून परवानगी मिळते, मुलींना मिळेलच असं नाही. शेवटची बस चुकली तर काय, हा आईबापांचा प्रश्न खरा आहे. अशी किती गुणी पोरं घरीच थांबली असतील, या विचारानं जीव तुटतो.

मार्ग निघू शकतो. २०२२ मध्ये मराठवाडा साहित्य संमेलन घनसावंगीत भरलं, म्हणजे मोठा सोहळा तालुक्याच्या गावी येऊ शकतो. जालन्याच्या फुलंब्रीकर नाट्यगृहात जे नाटक होतं, त्याचा एखादा प्रयोग बदनापुरात लावा. संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागानं सुट्टीत इथं आठ दिवसांचं शिबिर घ्यावं. नगरपंचायतीनं जागा द्यावी, वर्गणी आम्ही व्यापारी काढू. पत्रकं मी फुकट छापून देईन. जे शहर आमच्या मुलांना संधी द्यायला आधी येईल, बदनापूर त्याचं होईल. आणि दोन्ही आली तर दोघांचंही होईल.