ट्रॉली जोडण्यापूर्वी

सोयाबीन मंडीत न्यायचे दिवस आले की सिमरोलच्या घाटात भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो; उतारावर मागचे सारे ओझे ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, न्यूट्रल कधीही करू नये. ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांना जोडून घ्यावेत, नाहीतर एकच दाबला जाऊन ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो. हुकाच्या पिनेला क्लिप हवीच. तिथे खिळा अडकवलेला आम्ही पाहिला आहे!

आणि माणसे? २ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडवा जिल्ह्यात देवीविसर्जनाला निघालेली ट्रॉली तलावात गेली, ११ जण दगावले. मिस्साला ट्रॉलीतून येणाऱ्या कुटुंबांना आम्ही आजवर टोकले नाही, ही आमची चूक. येत्या रविवारी बसने या. उशीर झाला तर आम्ही थांबू.